जीएम (जनुकीय बदल केलेलं) धान्य आणि साधं धान्य : कसात खरंच फरक असतो का? (वर्षाचे गहू भरायचेत)

मेघा_माटुंगा
मंडळी, प्रश्न घाईचा आहे, रविवारपर्यंत ऑर्डर द्यायचीय.

आमच्या सोसायटीत दर एप्रिलला सगळे मिळून वर्षाचे गहू मागवतो. सोळा घरं, ज्याला हवे तेवढे कट्टे, मग दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवणं, एरंडेल चोळणं, डब्याच्या तळाला कडुनिंबाचा पाला. सासूबाईंच्या काळापासून हे चालू आहे. यंदा व्यापाऱ्याने दोन भाव सांगितले, एक नेहमीचा लोकवन आणि दुसरा 'नॉन जीएम, जुन्या बियाण्याचा', त्याचा भाव जवळजवळ दुप्पट. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं हल्लीचा सगळा गहू जीएमच असतो, त्यात कस राहिलेला नाही, म्हणून तर घराघरात बी-१२ आणि हिमोग्लोबिन कमी निघतंय.

मला विचारायचंय की जीएम धान्य आणि साधं धान्य शेजारी शेजारी ठेवून त्यातलं प्रोटीन, लोह, जस्त, जीवनसत्त्वं कुणी मोजलंय का? मोजलं असेल तर काय निघालं? लेक सातवीत आहे, मागच्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन ९.८ आलं. त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता वादाचा विषय नाहीये.

चर्चगेट_फास्ट
आमच्या ग्रुपवर रोज सकाळी सहा वाजता जीएम येतं, गुलाबाच्या फोटोसकट. पोषण काही नाही पण काकांचा मूड छान राहतो.

रेल्वेतले_नाना
मी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, जीएम म्हटलं की अजून खुर्चीतून उठायला होतं. बाकी धागा चांगला आहे, वाचतोय.

परखनळी
मेघाताई, मी अन्न तपासणीच्या लॅबमध्ये वीस वर्षं आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

आधी हे सांगतो की तुमच्या टेम्पोत जीएम गहू येण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडे लागवडीत असलेलं परवानगीचं जीएम पीक एकच, बीटी कापूस (जीवाणूचा जीन, म्हणजे जनुक, घालून बोंडअळीला मारणारा), २००२ पासून. बीटी वांग्याला फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती मिळाली. मोहरीच्या डीएमएच-११ वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली पण प्रकरण सुप्रीम कोर्टात अडकलं, जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची दोन वेगळी मतं पडली. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, तूर, यातलं काहीही आपल्या बाजारात जीएम नाही. म्हणजे तो व्यापारी जे 'नॉन जीएम' म्हणून दुप्पट भावाने विकतोय, तो गुण साध्या कट्ट्यातही आहेच. आणि लोकवन हे नाव कुठून आलं माहितीये? 'लोक-१' म्हणजे लोक वन! गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निवड पद्धतीने तयार झालेला वाण. त्यात जीएम कुठून येणार.

आता तुमचा खरा प्रश्न. हो, मोजलंय, आणि भरपूर मोजलंय. जीएम वाण आणि त्याचाच जीन न घातलेला भाऊबंद, दोन्ही एकाच शेतात, एकाच हंगामात शेजारी शेजारी लावतात. युरोपात नियम आहे की किमान ८ ठिकाणी लावायचे आणि सोबत बाजारातले दुसरे साधे वाणही लावायचे. मग प्रोटीन, स्निग्धांश, तंतू, राख, अमिनो आम्लं, खनिजं, जीवनसत्त्वं सगळं मोजायचं. शरीराला नको असलेली द्रव्यंही मोजतात, म्हणजे फायटिक आम्ल, सोयाबीनमधलं ट्रिप्सिन अडवणारं द्रव्य वगैरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये ९०० हून जास्त प्रकाशनं तपासून अहवाल दिला. त्यात म्हटलंय की काही घटकांत फरक सापडतात, आकडेवारीच्या कसोटीवर टिकणारेसुद्धा, पण ते साध्या वाणांत आपापसात जेवढा फरक असतो त्याच पट्ट्यात बसतात.

हा शेवटचा मुद्दा माझ्या टेबलावर रोज दिसतो. एकाच जातीचा गहू, एक मध्य प्रदेशातला, एक पंजाबातला, प्रोटीन वेगळं येतं. एका शेतात युरिया वेळेवर पडला, दुसऱ्यात नाही, प्रोटीन वेगळं. इतकंच काय, आपल्या मुंबईत पावसाळ्यात उघडा राहिलेला गहू ओल धरतो, त्यामुळे जुलैत तपासला तर शंभर ग्रॅममागे प्रोटीन मेपेक्षा कमी दिसतं. प्रोटीन कुठे गेलेलं नसतं, पाणी वाढलेलं असतं! म्हणून आधी ओव्हनमध्ये सुकवून ओलावा काढतो आणि कोरड्या वजनावर तुलना करतो. कुणी तुम्हाला दोन धान्यांचे आकडे दाखवले तर पहिलं विचारा, ओलावा किती धरला होता.

मेघा_माटुंगा
बापरे, लोक वन!! हे आत्ताच ग्रुपवर टाकते. परखनळी, मनापासून आभार. पण मग काकूंचं 'कस राहिला नाही' हे सगळं मनाचंच का? त्या ७४ वर्षांच्या आहेत, पोळीची चव बदललीय हे त्यांचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटत नाही.

गिरगावचे_अप्पा
चव बदलली हे खरंच आहे हो. पण जुनं सगळं सोनं होतं असंही कुणी समजू नका. मी १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. रेशनवर लाल मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली ज्वारी. भाकरी थापताना कडेने चिरा पडायच्या, आई कोमट पाण्यात भिजवून भिजवून मळायची आणि तरी तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. तेव्हा कुणी कस विचारत नव्हतं, पोट भरतंय का एवढंच बघायचे. गावाकडे सुकडी वाटायचे. आजच्या मुलांना दोन गव्हांतून निवडायला मिळतंय ते बघून मला बरंच वाटतं.

अवांतर झालं, माफ करा.

चर्चगेट_फास्ट
अप्पा, तुमच्या अवांतरासाठीच तर येतो इथे.

लालबागची_गिरणी
आमची तिसरी पिढी पिठाच्या गिरणीत. मी लॅबवाली नाही पण जे बघते ते सांगते. लोक गहू निवडताना चार दुकानं फिरतात आणि मग पीठ दळून नेलं की मैद्याच्या चाळणीने चाळून अर्धा कोंडा कचऱ्यात टाकतात कारण पोळी पांढरी हवी. पोळ्या मऊ हव्यात म्हणून दळतानाच 'एकदम बारीक करा' आणि वर चाळणी. मी दर वेळी सांगते, ताई कस तर या सुपात राहिला.

परखनळी
+१००. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, देशभरातून नमुने गोळा करून केलेले. १०० ग्रॅम कणकेत लोह ४.१ मिग्रॅ, मैद्यात १.७७. तांदळात हातसडीचा १.०२ आणि पांढरा ०.६५. एवढा फरक जीएम आणि साध्या मक्याच्या तुलनेत मी तरी कुठे वाचलेला नाही. बायका चाळणीने करतात तेवढा जीनने होत नाही असं म्हणायला हरकत नाही.

लालबागची_गिरणी
बायका काय, आमच्याकडे पुरुषही चाळणी मागतात :)

परखनळी
चूक झाली, मान्य.

मालवणी_पेज
तांदळाचा विषय निघाला म्हणून लिहितंय. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज रोज सकाळी, वर मीठ आणि लोणचं. मुंबईत आल्यावर शेजारी नाक मुरडायचे, लाल तांदूळ कसला खाता म्हणून. मग एकदा डॉक्टरांनीच सांगितलं की भात सालीसकट उकडताना बी-१ आत मुरतं आणि सडल्यावरही बरंचसं टिकतं.

परखनळी
बरोबर सांगितलं त्यांनी. त्याच तक्त्यात १०० ग्रॅम पांढऱ्या कच्च्या तांदळात थायामिन, म्हणजे तेच बी-१, ०.०५ मिग्रॅ आणि उकड्यात ०.१७ आहे. तिप्पट. तांदूळ तोच, फक्त सडायच्या आधी वाफ दिली.

बीजराखण
इतका वेळ वाचत होतो. आता विरोधी सूर लावतो, रागावू नका.

मी शेतकऱ्यांबरोबर देशी बियाणं जपायचं काम करतो. परखनळी यांनी सांगितलेल्या तुलनेत मला तीन गोष्टी खटकतात.

एक, यातले बरेचसे प्रयोग बियाणं विकणाऱ्या कंपनीनेच केलेले किंवा करवून घेतलेले असतात. परवानगी मागणारा तोच आणि परीक्षेचा पेपर लिहिणारा तोच. दुसरं, 'सारखंच आहे' ही कल्पना १९९३ साली श्रीमंत देशांच्या ओईसीडी संघटनेने मांडली, आणि त्यात ठरावीक घटकच मोजतात. दाण्यात हजारो द्रव्यं असतात. जे मोजलंच नाही ते सारखं आहे असं कसं म्हणायचं?

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. दाणा एकटा येत नाही, त्याच्याबरोबर शेती येते. नॉर्वेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या सोयाबीनचे ३१ नमुने तपासले, जीएम, साधे आणि सेंद्रिय. जीएममध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचे अंश सापडले, बाकी दोघांत नाही. सेंद्रियमध्ये प्रोटीन आणि जस्त जास्त होतं. कंपनीच्या प्लॉटवर फवारणी कशी झाली आणि खऱ्या शेतात कशी होते यात फरक असणारच. माझं म्हणणं एवढंच की पोषणाचा तक्ता छापताना फवारणीचा रकाना रिकामा ठेवू नका.

परखनळी
बीजराखण, रागावू कशाला, तिसरा मुद्दा मला पूर्ण पटतो. तणनाशक सहन करणारं पीक असेल तर अंश तपासायलाच हवेत. फक्त त्या अभ्यासाबद्दल एक सांगतो, ते नमुने वेगवेगळ्या शेतांतले होते, वाणही वेगळे, मातीही वेगळी. त्यामुळे प्रोटीनमधला फरक जीनचा, शेणखताचा की जमिनीचा हे सुटं करता येत नाही. अंशांचा निष्कर्ष मात्र भक्कम आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर अर्धं मान्य. हजारो द्रव्यं मोजली जात नाहीत हे खरं. पण साधा नवीन संकरित वाण येतो तेव्हा त्याची एवढी तपासणी होत नाही, तो थेट बाजारात.

ट्रॉम्बेकर
यावर एक भर घालतो. माझं बालपण अणुशक्तीनगरात गेलं, वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात. तिथे गॅमा किरण आणि क्ष-किरण सोडून बियाण्यात बदल घडवतात आणि त्यातून चांगलं निघेल ते निवडतात. ट्रॉम्बे भुईमूग ऐकला असेल, टीएजी-२४ वगैरे. टीएयू-१ हा उडीद तर महाराष्ट्रात वर्षानुवर्षं लावला जातोय. तुमच्या पापडाचं पीठ त्यातलंच असायची शक्यता खूप आहे. किरणांनी जनुकांत नक्की कुठे कुठे बदल झाले हे आधी कुणी ठरवलेलं नसतं, आणि तरी त्यांना कुणी जीएम म्हणत नाही. बाबा अभिमानाने ट्रॉम्बेचे शेंगदाणे आणायचे, मोठे टपोरे. आम्ही शाळेत वाटून खायचो.

म्हणून मला वाटतं की बियाणं कुठल्या रस्त्याने आलं यापेक्षा दाण्यात काय आहे ते बघावं.

बीजराखण
ट्रॉम्बेकर, तो भुईमूग सरकारी संस्थेचा आहे, शेतकरी त्याचं बी घरी ठेवू शकतो. माझ्या दृष्टीने हा फरक पोषणाइतकाच मोठा आहे. पण तो या धाग्याचा विषय नाही, थांबतो.

वऱ्हाडी_डोंबिवलीत
तुम्ही सगळे म्हणून राह्यले की आपण जीएम खात नाही. मी यवतमाळचा, आमचा कापूस. सांगू का, तुमच्या पोटात ते कधीचंच गेलंय.

कापूस वेचला की जिनिंगमध्ये रुई वेगळी आणि सरकी वेगळी. सरकीचं तेल निघतं, उरलेली ढेप. तुम्ही इकडे पेंड म्हणता, आमच्याकडे ढेप. ढेप म्हशीला, म्हशीचं दूध तुमच्या चहात. सरकीचं तेल फरसाणात, वेफरमध्ये, डब्यावर बारीक अक्षरात वाचा. आणि रिफाइंड सोयाबीन तेल बाहेरून येतं ते अर्जेंटिना, ब्राझीलहून, तिथलं सोयाबीन जवळपास सगळंच जीएम. आपल्या लातूर-अकोल्याचं सोयाबीन मात्र साधं आहे. २०२१ मध्ये तर कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला सरकारनेच परवानगी दिली होती.

बाबांनी २००४ पासून बीटी लावलं. पहिली काही वर्षं फवारणी खरंच कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाह्यलंय, पाठीवरचा पंप खुंटीला टांगलेला असायचा. मग शेंदरी बोंडअळी परत आली, पंप पुन्हा उतरला. हे दोन्ही सांगायला पाह्यजे. पण जनावरांनी ढेप खाल्ली, दूध तेवढंच, फॅट तेवढीच. डेअरीवर रोज फॅट लागते, त्याच्यात खोटं चालत नाही.

चर्चगेट_फास्ट
बाबौ. मी आत्ता हातातल्या वेफरचं पाकीट उलटं करून वाचलं. कॉटनसीड ऑइल. धागा वसूल.

परखनळी
वऱ्हाडी यांचा प्रतिसाद या धाग्यावरचा सगळ्यात उपयोगी. एक दिलासा देतो, रिफाइंड तेलात प्रोटीन आणि डीएनए जवळपास उरतच नाही, तेल म्हणजे स्निग्धाम्लं. त्यामुळे साध्या बीटी सरकीचं तेल आणि जुन्या सरकीचं तेल यात खाणाऱ्याला फरक पडत नाही.

पण तेलात जाणूनबुजून बदल केलेले वाणही आहेत! अमेरिकेत असं सोयाबीन आहे ज्यात ओलेइक आम्ल ७५ टक्क्यांच्या वर, साध्यात ते साधारण पाव भाग असतं. म्हणजे तेलाचा स्वभाव शेंगदाण्याच्या तेलाच्याही पुढे जाऊन ऑलिव्हच्या जवळ जातो, तळताना लवकर खराब होत नाही. आणि सरकीतच बघा. तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं म्हणून माणूस सरकीचं प्रोटीन खाऊ शकत नाही, गाई-म्हशींना चालतं कारण त्यांचं पोट वेगळं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांच्या गटाने असा कापूस केला की गॉसिपॉल फक्त सरकीत कमी, पानाफांद्यांत तसंच, म्हणजे झाडाचं किडींपासूनचं संरक्षण शाबूत. २०१८ मध्ये त्याला तिथे लागवडीची मोकळीक मिळाली. विदर्भात दरवर्षी किती सरकी निघते याचा विचार केला की मला हे फार मोठं काम वाटतं.

म्हणून 'जीएममध्ये पोषण बदलतं का' याला एक उत्तर नाही. अळी मारायला जीन घातला असेल तर पोषण बदलणं अपेक्षित नसतं आणि बहुतेक बदलत नाही. पोषण बदलायलाच जीन घातला असेल तर अर्थातच बदलतं.

शीवच्या_डॉक्टर
सोनेरी तांदळाचं, म्हणजे शरीरात अ जीवनसत्त्व बनवणारं कॅरोटीन दाण्यात यावं म्हणून जीन घातलेल्या तांदळाचं, नाव अजून कुणी कसं काढलं नाही? त्याचं पहिलं रूप २००० साली जाहीर झालं, इंगो पोट्रिकुस आणि पीटर बायर यांचं. ग्रॅममागे जेमतेम १.६ मायक्रोग्रॅम कॅरोटीन. २००५ मध्ये मक्याचा जीन वापरून ते ३७ पर्यंत नेलं. साध्या पांढऱ्या तांदळात ते नसतंच. अ जीवनसत्त्वाअभावी डोळे गेलेली मुलं मी शिकत असताना वॉर्डात पाहिली आहेत, त्यामुळे या तांदळाबद्दल मला आस्था आहे. फिलिपिन्सने २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या कोर्टाने ती थांबवली.

बीजराखण
डॉक्टर, आस्था मलाही आहे. पण पूर्ण गोष्ट सांगूया. आपल्याच दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सोनेरी तांदळाचा गुण आपल्या स्वर्णा वाणात उतरवला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. झाडं खुजी राहिली, पानं फिकट पडली, उत्पादन घटलं. बाहेरचा जीन जिथे जाऊन बसला तिथे भाताचा स्वतःचा एक जीन तुटला होता. आणि चीनमध्ये मुलांवर झालेला त्याच तांदळाचा अभ्यास पालकांना नीट कल्पना न दिल्यामुळे २०१५ मध्ये मागे घ्यावा लागला.

परखनळी
दोन्ही खरं आहे. स्वर्णातला तो दोष शेतातच दिसला आणि ती ओळ, म्हणजे जीन त्या जागी बसलेल्या रोपांचा वंश, बाद झाली, पुढे वापरली ती दुसरी ओळ होती. १९९६ ची ब्राझील नटची गोष्टही अशीच. सोयाबीनमध्ये मिथिओनिन हे अमिनो आम्ल वाढवायला त्या नटाचा जीन घातला, पण नटाची ॲलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तावर तपासलं तेव्हा ॲलर्जीही सोबत आल्याचं कळलं. बाजारात जायच्या आधीच काम थांबलं. त्यामुळे प्रत्येक वाण वेगळा तपासायचा, एकाला घसघशीत मार्क मिळाले म्हणून वर्ग पास होत नाही.

आणि एक उलटी बाजूही आहे जी कुणी बोलत नाही. बीटी मक्यात अळीने केलेली भोकं कमी, त्यामुळे त्यातून शिरणारी बुरशी कमी. इटलीतल्या संशोधकांनी १९९६ ते २०१६ मधले मक्याचे अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये छापलं की फ्युमोनिसिन हे बुरशीचं विष जीएम मक्यात सुमारे ३० टक्के कमी होतं. प्रोटीन, तेल, तंतू मात्र सारखेच. पोषणाचा तक्ता जसाच्या तसा आणि विष कमी.

दादरची_सुमन
मला एक शंका. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळेच दिसतात, जरा पिवळट आणि गुळगुळीत, धुताना वर तरंगतात. आमच्या कामवाल्या मावशी म्हणतात जीएमचा नाहीतर प्लॅस्टिकचा तांदूळ आहे, त्या बसून एक एक वेचून टाकतात.

शीवच्या_डॉक्टर
अरे देवा, टाकू देऊ नका! ते प्लॅस्टिक नाही आणि जीएमही नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेले असतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. अशा मिसळलेल्या तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिग्रॅ लोह असायला हवं असा नियम आहे. मावशी नेमकं तेच वेचून टाकतायत, म्हणजे औषध टाकून कागद खाण्यातला प्रकार. त्यांना म्हणावं कमी पाण्यात एकदाच धुवा आणि पेज गाळून फेकू नका.

मेघाताई, आता तुमच्या लेकीबद्दल. ९.८ म्हणजे तिच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली असेलच, ती पूर्ण करा, धान्य बदलणं हा त्याला पर्याय नाही. आणि बी-१२ गव्हात नव्हतंच कधी, ना जुन्या ना नव्या, ते दूध, अंडी, मासे यातून येतं, काकूंना प्रेमाने सांगा. पण धान्याने हातभार लागतो. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात शाळेतल्या १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना रोज भाकरी दिली होती, निम्म्यांना जास्त लोहाच्या बाजरीची, निम्म्यांना साध्या. चार महिन्यांत पहिल्या गटात लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, चांगला वाढला. २०१५ मध्ये छापून आलंय. तुमच्या लेकीच्याच वयाची मुलं.

मेघा_माटुंगा
डॉक्टर, गोळी चालू आहे. पण ती बाजरी जीएम होती का?

शीवच्या_डॉक्टर
नाही! साधी निवड करून काढलेला वाण, आपल्याकडे 'धनशक्ती' नावाने ओळखतात, २०१२ मध्ये महाराष्ट्रातच पहिल्यांदा आला. किलोला सुमारे ७१ मिग्रॅ लोह, नेहमीच्या वाणांत ४५-५० च्या आसपास.

परखनळी
मी हेच इतका वेळ सांगायचा प्रयत्न करत होतो आणि डॉक्टरांनी एका भाकरीत सांगितलं. जीएम न करताही जातीजातींत दीडपट फरक आहे. गव्हातही पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ४०२८ आहे, प्रोटीन १४.७ टक्के, लोह ४६.१ आणि जस्त ४०.३ मिग्रॅ किलोला. तोही साधाच. मेघाताई, व्यापाऱ्याला 'जीएम की नॉन जीएम' विचारू नका, वाणाचं नाव विचारा. सांगता आलं नाही तर दुप्पट पैसे कशाचे?

मेघा_माटुंगा
विचारलं! फोन करून विचारलं. 'जुना आहे, जुना आहे' एवढंच तीनदा म्हणाला, नाव नाही सांगितलं. त्यामुळे सोळापैकी तेरा घरांनी लोकवनच घ्यायचं ठरवलं. काकूंनी खपली घ्यायची म्हणून वेगळी ऑर्डर दिली, त्यांना खीर आवडते, ते छानच आहे. मी लोकवन चाळीस किलो आणि बाजरी दहा किलो. पण धनशक्ती मुंबईत मिळते कुठे? दादरला तीन दुकानांत विचारलं, तिघांनीही बाजरी म्हणजे बाजरी असं उत्तर दिलं. आणि सासूबाई म्हणतायत उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते.

बीजराखण
ताई, नगरकडचे दोन शेतकरी ओळखीचे आहेत, धनशक्ती लावतात. आठवड्याला ठाण्यात भाजीची गाडी येते त्यात दहा किलो ठेवायला सांगतो, निरोप पाठवा. पावतीवर वाणाचं नाव लिहून देतील.

गिरगावचे_अप्पा
सासूबाईंचं ऐका थोडं. उन्हाळ्यात अर्धी ज्वारी मिसळायची आणि सोबत ताक. आमची आई तेच करायची.

शीवच्या_डॉक्टर
ताक वेगळ्या वेळी दिलंत तर उत्तम, भाकरीबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर द्या, लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा नको, घरातल्या मोठ्यांनाही.

रेल्वेतले_नाना
जेवणावर चहा नको?? डॉक्टर, छत्तीस वर्षांची सवय आहे. तासाभराने चालेल का?

शीवच्या_डॉक्टर
चालेल नाना.

लालबागची_गिरणी
मेघाताई, बाजरी दहा किलो एकदम दळू नका, पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं. दोन-दोन किलो आणा. आम्ही बुधवारी सकाळी बाजरी-ज्वारी लावतो, नऊच्या आत आलात तर आधीचा गहू मिसळणार नाही. आणि चाळणी मागायची नाही हं.

मेघा_माटुंगा
नाही मागणार. बुधवारी येते, लेकीलाही आणते, तिला गिरणी बघायचीय.